फ्लेक्सवरची गावं

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक दोघादोघांनी मोटारसायकलवर निघतात आणि गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करतात. दिग्रसच्या पुढे, एका कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून असलेल्या कॉलेजात आपण होऊन कोण येणार? वर्ग भरला नाही तर शिकवणाऱ्याची जागा जाते. त्यामुळे जूनमध्ये आमच्या अंगात ज्ञानदानाची जी तळमळ संचारते, ती उरलेले अकरा महिने कुठे राहायला जाते हे मला अजून कळलेलं नाही. विद्यार्थ्याने नुसतं हो म्हटलेलं आम्ही धरत नाही. त्याची मूळ टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हातात पडली की तो आपला, कारण टी.सी. एकच असते आणि ती ज्याच्या कपाटात, त्याचा प्रवेश.

मी तिथला खेळाचा शिक्षक. मला बास्केटबॉलला मुली लागायच्या, म्हणून लोकांच्या दारात उभा राहून मी मुलीची उंची विचारायचो. इस्त्रीच्या शर्टातले दोन पुरुष येतात आणि पोरीची उंची विचारतात, म्हटल्यावर लोकांनी काय समजावं? बऱ्याच घरी आम्हाला पोहे मिळाले. एका घरी तर, ‘पोरगा काय करते?’ असंही विचारलं. माझ्यासोबतच्या मराठीच्या प्राध्यापकांनी पोहे संपेपर्यंत मला खुलासा करू दिला नाही.

अशाच एका जूनमध्ये ती एका तांड्यावर भेटली. तिचा बाप छपरावर बसून कवेलू, म्हणजे कौलं, फेरत होता आणि ती खालून एकेक कवेलू वर फेकत होती. बाप मान वळवत नव्हता, फक्त हात मागे करायचा, आणि कवेलू बरोबर त्या हातात जाऊन बसायचं. एकही फुटलं नाही. तिची उंची विचारायचं मी विसरूनच गेलो. तिची आई, तिची याडी, टी.सी. द्यायला तयार नव्हती. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, ‘पोरगी माझी जबाबदारी. तिचं भलं होईल तेच करीन.’ असं मी प्रत्येक दारात म्हणायचो. बापाने मात्र ते खरं धरलं आणि पत्र्याच्या पेटीतून टी.सी. काढून दिली.

त्या हिवाळ्यात आमच्या मुलींनी विद्यापीठाचा चषक जिंकला. आमच्या मैदानावर रिंग एकच होती; दुसऱ्या बाजूची आहे असं समजून सराव चालायचा. कप्तान ती होती. चेंडू कुठे जायला हवा हे तिला चेंडूच्याही आधी कळायचं.

प्राचार्यांना तोवर हा खेळ हाताने खेळतात की पायाने, याबद्दल नक्की माहिती नव्हती. चषक पाहताच त्यांचं खेळावरचं प्रेम दाटून आलं. बसस्टँडवर मोठा फ्लेक्स लागला. वर संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या खालोखाल प्राचार्य, आणि सगळ्यात खाली, पासपोर्टच्या आकारात, ज्या खेळल्या त्या पाच जणी. आमच्याकडे फ्लेक्सवर नावाखाली गाव नसलं तर अख्खं गाव रुसतं. म्हणून प्रत्येकीखाली गाव, तांडा, तालुका, सगळं छापलं. ते बरोबर आहे ना, हे मी स्वतः दोनदा तपासलं.

पुढच्या जूनमध्ये आम्हाला कुठे जावं लागलं नाही. पालकच आले. शिपायाने ऑफिसच्या चौकटीवर खडूने रेघ मारली आणि जी मुलगी रेघेच्या वर जाईल तिचा फॉर्म आधी घेतला. अशा चार निघाल्या. एक तर इतकी उंच, की चौकटीतून वाकून आत आली. तिला चेंडूची भीती वाटायची. प्राचार्यांनी चारही उंच मुलींसोबत फोटो काढून घेतला.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक जीप घेऊन आले. बसस्टँडवर उतरले, आमच्या फ्लेक्सचा फोटो काढला आणि डावीकडून उजवीकडे, छापलेल्या क्रमाने, पाची गावं केली. कुणाला रस्तासुद्धा विचारावा लागला नाही. शिक्षणाच्या पवित्र क्षेत्रात दुसऱ्याची मुलं पळवण्यापर्यंत लोकांची मजल जावी, याचं मला फार दुःख झालं. मी इतकी वर्षं तेच करत होतो, पण मोटारसायकलवर.

चौघींनी टी.सी. नेल्या. तिची मी ऑफिसातल्या बाबूकडून मागून माझ्या कपाटात ठेवली. त्या शहरात तिला वसतिगृह होतं, दोन वेळचं जेवण होतं आणि दोन रिंगांचं मैदान होतं. माझ्याकडे तिला देण्यासारख्या फक्त सबबी होत्या. पहिल्यांदा ती आली तेव्हा प्राचार्य मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा शिक्का सापडत नव्हता. तिसऱ्यांदा ती बापाला घेऊन आली.

‘सर, शनिवारपावतर जागा हाय म्हंते ते जीपवाले साहेब,’ तो म्हणाला. ‘तुमीच म्हनलं होतं, पोरीचं भलं होईन तेच करीन.’

‘मी कुठे नाही म्हणतोय? बाबू रजेवर आहे.’

शेजारच्या खोलीत बाबू खोकला. बापाने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. किल्ली माझ्या खिशात होती.

टी.सी. मी शनिवारी दुपारी दिली. नाही दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून दिली. शहरातलं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचवणारी शेवटची बस तेव्हा निघून गेली होती. एसटीचं वेळापत्रक मी आदल्या दिवशीच पाहून आलो होतो. ती टी.सी. घेऊन धावत सुटली, फाटकापाशी वळली आणि मला नमस्कार करून गेली.

सोमवारी तिने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. घडी मोडलेली नव्हती.

‘भरली सर, जागा. दुसरी पोरगी घेतली त्याइनं.’

निष्ठेवर चार वाक्यं मी तयार ठेवली होती. त्याऐवजी मी टी.सी. उचलून कपाटात ठेवली. मला माझीच लाज वाटली, आणि तिला काहीही माहीत नाही याचं बरंही वाटलं. बरं वाटल्याची लाज त्याहून जास्त होती.

‘सराव कितीले हाय, सर?’

‘साडेपाचला.’

प्राचार्यांनी नव्या फ्लेक्सची आज्ञा दिली: शहराचा मोह सोडून मातीशी इमान राखणारी कप्तान. या वेळी गावाचं नाव गाळायला सांगितलं. खबरदारी म्हणून.

मी मैदानावर पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. ती आधीच येऊन त्या चार उंच मुलींना झेल शिकवत होती. त्यांना भीती वाटू नये म्हणून चेंडू अगदी हलका फेकत होती. मला पाहून तिने एक माझ्याकडेही फेकला. तो अगदी बरोबर माझ्या हातात आला होता, आणि मला धरता आला नाही.