आमच्यासाठी केलेली उदकशांत

माझी पत्नी विमल आज पहाटे गेली.

ज्या इमारतीने तिला धुऊन बाहेर काढण्याचा विधिपूर्वक प्रयत्न केला, त्याच इमारतीत गेली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला फ्लॅट घेतला. मी हायस्कुलात संस्कृत शिकवत असे. वडील सिन्नरला जोडे शिवत, आणि पहाटे स्नान करून विष्णूची नावे म्हणत. माझे पहिले पाठांतर तिथले.

नाशिक रोडच्या भाड्याच्या दोन खोल्यांतून विमल इथे आली ती हरखूनच. जिन्याला ग्रॅनाइट, खाली पार्किंग. दिवसातून दोनदा स्वतःच्या दारावरची पाटी पुसायची.

पहिल्याच रविवारी चेअरमन चहाला आले.

"सर, आडनावावरून काही अंदाज येत नाही. मूळचे कुठले?"

"सिन्नरचे."

"शेती?"

"नाही. वडील जोडे शिवत."

"अरे वा."

कप खाली ठेवला. तो पुन्हा उचलला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागला. इमारतीच्या सुखशांतीसाठी उदकशांत. सर्वांनी सहकुटुंब यावे.

"बघा!" विमल म्हणाली. "आपण आलो आणि लगेच पूजा ठेवली. नाशिक रोडला कोणी विचारलं होतं का?"

तिने लग्नातला शालू काढला. केशर घालून प्रसादाचा शिरा केला.

उदकशांत म्हणजे कलशातले पाणी मंत्रांनी भारून वास्तूत शिंपडायचे. नव्या घरात शुभ म्हणून करतात. काही अमंगळ घडले तर शुद्धीसाठीही करतात. कशासाठी चालले आहे, ते आरंभीच्या संकल्पात गुरुजी उच्चारतात.

संस्कृतात.

चेअरमन सपत्नीक पाटावर बसले. गुरुजी पंचवटीतले होते. स्वर स्वच्छ, उच्चार निर्दोष. त्यांनी संकल्प म्हटला: नूतनजनसंसर्गजन्यदोषपरिहारार्थम्.

नव्याने आलेल्या माणसांच्या संसर्गाने लागलेला दोष दूर व्हावा म्हणून.

त्या इमारतीत नव्याने आलेले आम्ही दोघेच होतो. आणि गुरुजी सोडले तर ते वाक्य समजणारा मी एकटा.

विमल हात जोडून बसली होती. हळूच माझ्याकडे कलली.

"काय म्हणाले हो?"

"सर्वांचं कल्याण होवो."

"आपलाही उल्लेख केला?"

"केला."

तिने डोळे मिटून नमस्कार केला.

नंतर दर्भाने जिनाभर पाणी शिंपडले. इतर दारांवर दोन थेंब. आमच्या उंबऱ्यावर ओंजळच रिती केली. विमलला त्याचेही कौतुक. "आपल्यावर जरा जास्तच माया दिसते."

शिऱ्याचे पातेले कोपऱ्यात झाकलेलेच राहिले. संध्याकाळी चेअरमनबाई ते रिकामे परत घेऊन आल्या.

"तुमचा शिरा गाईला घातला हं वहिनी. पुण्य लागतं."

"गोमातेला!" म्हणाली ही. त्या रात्री सिन्नरला फोन करून तिने माझ्या भावजयीला तेच सांगितले.

मंत्रांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. ज्या तोंडांनी ते मागवले, ती तोंडे मी रोज जिन्यात पाहत होतो. "नमस्कार सर," म्हणायची.

काही वर्षांनी तिसऱ्या मजल्यावर पुण्याहून बदली होऊन एक कुटुंब आले. महिनाअखेरीस गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. मीटिंगमध्ये कधीही न बोललेल्या विमलने हात वर केला.

"यांच्यासाठी उदकशांत कधी ठेवायची? आमच्या वेळी किती छान झाली होती! शिरा मीच करीन."

सगळे खाली बघू लागले.

चेअरमनबाईंना मात्र हसू आवरले नाही.

"अहो विमलवहिनी, त्यांच्यासाठी कशाला? ते आपल्यातलेच आहेत!"

मागून कोणीतरी फिसकन हसले. चेअरमन म्हणाले, "पुढचा विषय, पाण्याची टाकी."

विमल टाकीचा विषय संपेपर्यंत बसून राहिली. तिचा हात किती तरी वेळ अर्धवट वरच होता.

घरी आल्यावर ओट्याला टेकून म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"शिरासुद्धा?"

"हो."

तिने गॅस लावला, भाताला पाणी ठेवले. मी म्हणालो, "विकून टाकू. नाशिक रोडला परत जाऊ."

ती गर्रकन वळली.

"खुळे आहात का? आपण गेलो, तर त्यांची पूजा फळाला आली असं होईल ना!"

इतकी वर्षे शास्त्र वाचले. कर्म आणि फळ यांचा असा हिशेब मला कोणत्याही पोथीत भेटला नव्हता.

ती राहिली. हळदीकुंकवाची बोलावणी आली की "पाय दुखतात" म्हणायची, आणि त्याच पायांनी त्यांच्या समोरून जिना उतरून भाजीला जायची.

चेअरमन दोनदा गिऱ्हाईक घेऊन आले. "वहिनी, विचार करा. असा योग पुन्हा नाही."

"भाऊ, आमचा योग इथलाच आहे. तुम्ही चहा घेणार? की आजही ठेवून जाणार?"

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास चेअरमनच फ्लॅट विकून बंगल्यात गेले. ट्रक हलला तेव्हा ही गॅलरीत उभी होती. हात नाही केला.

आज सकाळी तिला खाली आणताना जुन्या बिऱ्हाडांची दारे बंद होती. एका दाराला फट होती. आम्ही तिथवर पोचलो तशी ती मिटली. तिरडीला खांदा द्यायला सिन्नरहून माझे पुतणे आले होते. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सकाळपासून जोडलेल्या हातांची चित्रे येत आहेत. ती पाठवणाऱ्यांपैकी निम्मी माणसे उदकशांतीच्या दिवशी तीर्थ घ्यायला रांगेत होती. तेच हात आहेत, मी ओळखतो.

तुमची श्रद्धांजली तिला पोचली असे समजावे. वर येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

विमल, तू इथून गेलीस ती तुझ्या वेळेने. कोणाच्या मंत्राने नव्हे.

तुला माझा साष्टांग नमस्कार.

घर विकायचे नाही. कोणी विचारू नये.