विठ्ठलरावांचे डोळे आणि कॅमेऱ्याची काच

राजाजीनगरच्या विठ्ठलरावांनी चाळीस वर्षं शाळांचे ग्रुप फोटो काढले, तेही लाकडी पेटीच्या मोठ्या कॅमेऱ्यावर. मागच्या घासलेल्या काचेवर उलटी दिसणारी पोरं स्पष्ट झाली, की काचेपुढे फिल्म सरकवायची. माणूस महाहट्टी. १९९४ साली साठी उलटली, काचेचे कोपरे अंधारे दिसू लागले, तेव्हा कुठे त्यांनी उजेड वाढवणारं पातळ प्लास्टिकचं भिंग आणून काचेच्या पाठीला बसवलं.

खंडेनवमीला त्यांच्या घरी कॅमेरा सुटा करून पुजतात. पूजा झाली, विठ्ठलरावांनी तो पुन्हा जोडला आणि सुट्टी संपताच एका शाळेचा फोटो काढला. तीन फिल्मा घेतल्या. तिन्हींत पुढच्या रांगेतल्या पोरांचे चेहरे धुरकट!

“डोळे गेले माझे,” म्हणत ते ताटावरून उठले. “सोमवारी पुन्हा काढायचाय. दुसरा कुणी बघा, म्हणून सांगतो शाळेला. संपलं आपलं.” बायको कृष्णाबाई देवापुढे जाऊन रडत बसल्या.

सून रूपश्री घरच्या डार्करूममध्ये फिल्म धुवायची. ती काही रडणाऱ्यांतली नव्हे. तिनं तिन्ही निगेटिव्ह भिंगाखाली धरल्या.

“मामंजी, स्वल्प, जरासं बघा. मागच्या रांगेतल्या मास्तरांची बटणं मोजता येतात. डोळे चुकले असते तर कधी पुढं, कधी मागं झालं असतं. तिन्ही खेपेला मागंच कसं?”

विठ्ठलरावांनी मागची चौकट उघडली आणि कपाळाला हात लावला. प्लास्टिकचं भिंग काचेच्या आत, लेन्सच्या बाजूला! तेवढ्यानं काच मागे सरकली होती, फिल्म मात्र आपल्या जागी होती; म्हणून काचेवर पुढची रांग स्पष्ट दिसली, तरी फिल्मवर मागचीच उतरली.

“नवी वस्तू म्हणून मीच ते पाटावर सगळ्यांत पुढं मांडलं होतं हो,” कृष्णाबाई पुटपुटल्या. आणि त्याच क्रमानं ह्या शहाण्या विठ्ठलरावांनी एकेक उचलून बसवलं होतं.

विठ्ठलरावांनी काचेची घासलेली बाजू लेन्सकडे केली, भिंग तिच्या पाठीमागे लावलं आणि रूपश्रीला अंगणात उभं करून फोटो काढला. तासाभरानं निगेटिव्हमध्ये तिच्या पापणीचा केस न् केस वेगळा दिसला. म्हाताऱ्याला रडू आवरेना.

“सरी, ठरलं तर,” डोळे पुसत ते म्हणाले, “सोमवारी तू पण चल शाळेत. आधी मी काच बघीन, मग तू बघ. आणि माझं चुकलं तर तिथंच सांग, सगळ्यांसमोर.”