पूर्वजाचा हात

नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमधल्या हॉर्नबीतल्या माझ्या फार्मसीत ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला एक गोरा म्हातारा यायचा. अर्धी चड्डी, पायात जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, आणि तोंडी कायम एकच विषय, त्याचा पूर्वज. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधला, ट्यूडर राजांच्या काळातला बडा जमीनदार आणि पार्लमेंटचा मेंबर.

"राजा म्हणाला, पोप नको. माझ्या माणसाने हात वर केला. पुढे राणी आली, म्हणाली, पोप हवा. पुन्हा हात वर. मग तिची बहीण आली, म्हणाली, नको. पुन्हा वर!" म्हातारा काउंटरवर थाप मारायचा. "बाकीच्यांची मुंडकी उडाली. माझा माणूस घरच्या पलंगावर मेला."

"अगंबाई, म्हणजे आपल्या नगरसेवकांसारखाच की!" बायको मला मराठीत म्हणाली.

आम्हा मूठभर मराठी मंडळींना गणपतीसाठी तिथला कम्युनिटी हॉल हवा होता. ढोलामुळे प्रकरण कमिटीपुढे गेलं, आणि कमिटीत हा.

"विरोध कोणाचा?" चेअरमनने विचारलं. म्हाताऱ्याने मान वळवून सगळीकडे पाहिलं आणि हात वर केला.

"पाठिंबा?" पुन्हा मान फिरली, पुन्हा हात वर.

"अहो, मत एकदाच देता येतं!"

"मग जे जिंकतील त्यांच्यात धरा. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास!"

त्याला पुढच्या वेळी जुलाबाच्याच गोळ्या द्याव्यात, असं मनात येऊन गेलं.

त्याचं मत बाद झालं, तरी हॉल मिळाला. आरतीला म्हातारा पहिल्या रांगेत. जँडल्स दाराबाहेर काढलेल्या.

"मोदक कोणाला हवेत?" बायकोने इंग्रजीत विचारलं.

पहिला हात त्याचाच वर गेला. आजूबाजूला न बघता.