देवासमोरची गट्टी

"सून गुणाची हाये तुमची, पण बोलतच न्हाई. वेळेला चार माणसांत बोलाया लागलं तर काय करंल?"

शेजारच्या सोनाकाकू सासूबाईंना हे सांगत होत्या आणि मी दाराआड सारवण कालवत होते. सासूबाई म्हणाल्या, "बोलंल की. काहून घाई करता?"

बोलले हो मी. पण कधी, कोणापुढं आणि काय, ते ऐका आणि तुम्हीही हसून घ्या. आमच्या हट्टा गावात सगळ्यांचं हसून झालंय.

आमचे हे गावातले मास्तर. देवीच्या देवळात शाळा भरते. त्या दिवशी हे वसमतला पाट्या आणायला गेले आणि पोरं माझ्यावर सोपवून गेले. मी चौथी शिकलेली, म्हणजे घरच्यांच्या मते पोरं सांभाळण्यापुरती पंडित.

देवळात जाऊन बघते तर नुसता गोंधळ. निवृत्तीनं अंजीची पाटी फोडलेली आणि अंजीनं त्याची टोपी बारवेत फेकलेली. दोघांची वयं सात-आठ, पण रुसवा भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांचा.

"तिला माफ कर म्हण," मी निवृत्तीला सांगितलं.

"माफ कर," तो भिंतीकडं बघून म्हणाला.

"भिंतीला न्हाई, अंजीला."

"मंग तिनं आधी माझी टोपी काढावी."

"त्यानं आधी माझी पाटी जोडावी," अंजी म्हणाली.

तोंडदेखली माफी कालच्या भांडणातही झाली होती म्हणे. घर येईपर्यंत टिकली नाही. मग मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, स्वतःचं दुःख सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं.

दोघांनी आधी एकमेकांवर डोळे वटारले. मग अंजी हळूच म्हणाली, "टोपी नवी व्हती. घरी मार बसंल त्याला."

निवृत्तीची मान खाली गेली. "पाटी तिच्या आजोबानं आणली व्हती. ती रोज पदरानं पुसती."

झालं, दोघंही रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. इथंच थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण बाकीची पोरं म्हणाली, "मास्तरीणबाई, देवासमोर गट्टी करा. मंग मोडता येत न्हाई."

मला ती कल्पना फार आवडली. दोघांना देवीपुढं पूर्वेला तोंड करून बसवलं. कुंकू लावलं. पाटीची भरपाई म्हणून निवृत्तीच्या हातानं अंजीच्या ओटीत खोबरं आणि साखर घातली. पोरांनी देवीपुढचे तांदूळ उचलून दोघांच्या डोक्यावर टाकले, तेही मला गोडच वाटलं. वर मी बजावलं, "आता हे कधी मोडायचं न्हाई."

तुम्ही हसताय. माझ्याच अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पोरांनी घरोघरी जाऊन जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुंकू लावलं, ओटी भरली, तांदूळ टाकले, मोडायचं नाही. दोन्ही घरं तोलामोलाची. गावाला आणखी काय पाहिजे?

ऊन उतरायच्या आत निवृत्तीचे आजोबा धुतलेला पटका बांधून आमच्या ओसरीवर हजर. मागं त्यांची सून, हातात अंजीसाठी खण. "मास्तरीणबाईनं बराबर जोडा जमवला," ते मामंजींना म्हणाले.

पाठोपाठ अंजीचे आजोबा. "आमच्या लेकराला कुंकू लावलं, ते कुणाला इचारून?"

"काहून? आमच्या पोरात काय कमी हाये?"

"पाटी फोडतंय ते."

"अन् तुमची टोप्या फेकती."

मामंजी एकदा यांच्याकडं बघत, एकदा त्यांच्याकडं. हे नेमके तेव्हाच गाडीतून पाट्या घेऊन आले आणि विचारते झाले, "कुणाची सोयरीक?" मामंजींनी अंगणाकडं बोट दाखवलं. नवरा-नवरी अंगणात एका खोबऱ्याचे दोन तुकडे करून खात बसली होती.

मग अंजीचे आजोबा उठले. "उद्यापासून अंजी साळंत येणार न्हाई."

शाळेत मुली होत्याच किती? अंजी गेली की बाकीच्याही गेल्या असत्या. आणि अंजीला तर नुकती अक्षरं लागायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी अंजी नव्या पाटीसकट शाळेत आली, हे आधीच सांगून टाकते. कारण मी जे बोलले, त्यापुढं मला सांगण्यासारखं काही उरत नाही. पदर डोक्यावर ओढला, परक्या म्हाताऱ्यांपुढं ओसरीवर आले आणि म्हणाले,

"चूक माझी हाये, मला माफ करा. लेकरायचं भांडण मिटवाया गेले मी, सोयरीक न्हाई जमवली. अंजीला साळंत येऊ द्या. अन् आता तुमचं भांडण तेवढं तुमीच मिटवा. मी मिटवाया बसले, तर सकाळी गावभर व्हईल की मास्तरीणबाईनं दोन्ही आजोबायचं लगीन लावलं."