पार्किंगमधली होडी

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या सोसायटीत उत्तनच्या कोळीवाड्यातल्या एका काकांनी जावयाच्या पार्किंगमध्ये जुनी फायबरची होडी आणून ठेवली होती. तिच्यावरचे बारीक तडे ते रोज टोकदार पत्र्याने कोरत बसायचे. होडी हटवा म्हणून कमिटी हटूनच बसली.

"काका, दुरुस्त करताय की फोडताय?" सेक्रेटरी ओरडले.

"तडा आधी उघडायला लागतो, न्हायतर रंगाखाली परत फुटतो. वर या, दाखवतो."

सेक्रेटरी चढले, मागोमाग खजिनदार. आत बसून त्यांना इतकं बरं वाटलं, की कमिटीची मीटिंगच तिथे भरू लागली.

तडे भरले, रंग वाळला, होडी समुद्रावर न्यायला टेम्पो आला. कमिटी उतरेना. काकांनी शांतपणे हमालांना सांगितलं, "ऱ्हाऊ द्या, हलकीच हायत."

होडीसकट कमिटीला घेऊन टेम्पो निघाला, तेव्हा मी गेटवरून हात हलवला. सेक्रेटरींनी पाहिलंही नाही. ते समुद्र शोधत होते.