झीजसाहेबांच्या घरचा क्लेम

विमा कंपन्यांच्या वतीने नुकसानीची पाहणी करणारे ते गृहस्थ कुणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे नाही, भिंतीकडे बघत. घरातली बाई डोळे पुसत दार उघडायची, नवरा "या साहेब" म्हणत खुर्ची पुढे सरकवायचा, आणि हे मात्र खिशातून बॅटरी काढून कोपऱ्यात वाकलेले. मग पिशवीतून एक छोटं यंत्र निघायचं. त्याच्या दोन टोकदार सुया भिंतीत टोचल्या की वरच्या काचेत ओलाव्याचा आकडा उमटायचा. तो आकडा वहीत टिपून झाल्यावरच साहेब पाण्याचा पेला हातात घेत.

तीस वर्षं हेच. जळालेली स्वयंपाकघरं, फुटलेल्या टाक्या, चोरांनी कापलेल्या जाळ्या, शॉर्टसर्किटने काळवंडलेले मीटर. अहवालाच्या शेवटी दहापैकी सहा वेळा एकच वाक्य असायचं : 'सदर नुकसान आकस्मिक नसून नैसर्गिक झीज व देखभालीचा अभाव यांमुळे झालेले आहे.' त्यावरून कंपनीतल्या कारकुनांनी त्यांचं नाव पाडलं झीजसाहेब. ते त्यांच्या कानावर आलं होतं. राग आला नाही. खरं सांगायचं तर मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं.

माणूस वाईट नव्हता. कुणाकडून कधी पाच पैसे घेतले नाहीत, कुणाचा हक्काचा क्लेम अडवला नाही. फक्त त्यांचं एक मत होतं, की नुकसान कधी अचानक होतच नाही. ते आधी महिनोन्‌महिने घरात राहायला आलेलं असतं. घरच्यांना ते एका दिवशी दिसतं, एवढंच. "लोक बघत नाहीत हो," ते हळहळून म्हणत. "स्वतःच्या घरात डोळे मिटून वावरतात."

स्वतःच्या घरात ते डोळे उघडे ठेवून वावरत. गॅसची नळी मुदतीच्या आधी बदललेली. वायरिंग नवं, शॉक बसायच्या आत वीज तोडणारं बटण बसवलेलं. शेजारच्या झाडाची कौलांवर आलेली फांदी शेजाऱ्याशी वाद घालून कापवलेली. खिडक्यांना दुहेरी जाळी. घराची आणि घरातल्या वस्तूंची अशी दोन्ही अंगांनी पॉलिसी, आणि तिच्या फाइलीत घरातल्या एकूण एक वस्तूचा फोटो. लेक सासरी गेली तेव्हा तिने विचारलंही होतं, "बाबा, आईचा फोटो नाही का लावला यात?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "तिची पॉलिसी वेगळी आहे."

बायको मागच्या खोलीत शिवणकाम करी. तेवीस वर्षं. सुरुवातीला शेजारणींची उसवलेली शिवण घालून द्यायची, मग मापाचे कपडे आले, मग शाळांचे गणवेश. दिवसभर मशीन चालायचं. साहेब कौतुकाने सांगत, "हिला हौस आहे. वेळ छान जातो." त्या हौशीवर लेकीचं कॉलेज झालं होतं, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही असं नाही, पण बोलायची वेळ आली नाही.

त्याच खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून, एक लोखंडी कपाट उभं होतं. आत साहेबांच्या अठ्ठावीस वर्षांच्या अहवालांच्या प्रती. ते जागचं हलवायचं म्हणजे चार माणसं लागत, म्हणून ते कधी हलत नसे.

"अहो, त्या कपाटामागून वास येतोय," बायको एकदा म्हणाली.

"जुन्या कागदांचा असेल."

महिन्याने पुन्हा म्हणाली, "कुबट वास आहे. कपड्यांना लागतोय."

"खिडकी उघडी ठेवत जा."

तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा साहेब घाईत होते. कुणाच्या तरी घरी भिंतीतली ओल मोजायला निघाले होते. "तुला ना, नेहमीच कसला तरी वास येतो," असं म्हणून त्यांनी यंत्र पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या.

पुढच्या रविवारी दोघांना लेकीकडे जेवायला जायचं होतं. बाहेर पडताना गॅस बंद, मेन स्विच बंद, पाण्याची मोठी तोटी बंद, असा साहेबांचा शिरस्ता. पण त्या दिवशी फाटकाला नवं कुलूप होतं, आदल्याच दिवशी आणलेलं, चोराचा बाप आला तरी उघडणार नाही असं दुकानदाराने सांगितलेलं. ते नीट बसतंय की नाही हे बघण्यात वीस मिनिटं गेली. मग रिक्षावाला ओरडायला लागला. तोटीचं राहिलं. बायकोला वाटलं यांनी बंद केली असेल, कारण आजवर एकदाही त्यांनी तिला ती बंद करू दिली नव्हती.

संध्याकाळी परत आले तर पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. नवं कुलूप चोराच्या बापाला जसं उघडलं नसतं तसंच साहेबांनाही उघडेना. आतल्या दाराची आणखी दोन होती. तीनही निघेपर्यंत पाणी त्यांच्या बुटांवरून खुशाल जात होतं. आत न्हाणीघराच्या भिंतीतल्या पाइपचा सांधा सुटला होता, प्लास्टरचा मोठा पोपडा खाली आला होता, आणि लोखंडी कपाट एका पायावर गुडघा टेकल्यासारखं तिरपं झालं होतं.

तीस वर्षं साहेब लोकांना बजावत आले होते, की आधी पाणी थांबवा, मग बाकीचं. त्यांचा हात खिशात गेला आणि त्यांनी मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली.

"अहो, आधी तोटी बंद करा!" बायको ओरडली आणि स्वतःच धावली.

मागच्या खोलीत जमिनीवर आणि पलंगावर गठ्ठे होते. एका शाळेच्या नाटकाचे बेचाळीस पोशाख. राजा, शिपाई, झाडं, ढग, दोन वाघ. आठ दिवसांनी प्रयोग. वाघांचा पिवळा रंग ढगांना लागला होता आणि राजाच्या पांढऱ्या अंगरख्यावर शिपायांचा तांबडा उतरला होता. शिवणाच्या मशीनची मोटर पाण्यात बसली होती. बायकोने पहिला गठ्ठा उचलला आणि पिळायला घेतला.

"थांब, कशाला हात लावू नकोस," साहेब म्हणाले. "पाहणी होईपर्यंत सगळं जसंच्या तसं राहायला हवं. नियम आहे."

"आठ दिवसांवर नाटक आहे. पोरं काय तुमचा अहवाल अंगात घालणार आहेत?"

साहेबांनी पिळण्याआधी प्रत्येक पोशाखाचा फोटो काढायची परवानगी मागितली. ती मिळाली. बेचाळीस फोटो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वतीने पाहणीला एक मॅडम आल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्या साहेबांच्याच हाताखाली काम शिकल्या होत्या. साहेबांना हायसं वाटलं. "घरचीच आहे," ते बायकोला हळूच म्हणाले. "काळजी करू नकोस. सांधा अचानक सुटला, पाणी भरलं. सरळ केस आहे."

मॅडम आत आल्या, "नमस्कार सर" म्हणाल्या, आणि बॅटरी काढून कोपऱ्यात वाकल्या.

साहेब बाजूला उभे राहून सांगत होते, "हा बघ सांधा. एकदम सुटलाय. अगदी आकस्मिक." हा शब्द स्वतःच्या बाजूने वापरायची त्यांच्यावर पहिलीच वेळ होती, तो जरा अवघडल्यासारखाच तोंडातून आला. मॅडमनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "सर, पाणी मिळेल का? बसा तुम्ही, मी आत जाऊन घेते."

ही युक्ती साहेबांचीच होती. घरातल्या माणसांशी वेगवेगळं बोलावं, आणि स्वयंपाकघरात बोलावं, तिथे कुणी खोटं बोलत नाही, असं त्यांनीच शिकवलं होतं. ते बाहेर खुर्चीत बसून ऐकत राहिले.

"काकू, भिंतीला ओल कधीपासून होती?"

"झाले की सहा महिने. मी यांना तीनदा सांगितलं. पण यांना वेळ कुठे असतो, रोज कुणाची ना कुणाची भिंत असतेच."

आत पेला ठेवल्याचा आवाज आला. बाहेर साहेबांनी डोळे मिटले.

मॅडम परत आल्या त्या यंत्र हातात घेऊनच. सुया टोचल्या. भिंतीवर ओलीचा पांढरा क्षार फुलला होता, तो बोटाने चाचपून बघितला. कपाटाचा पाय बघितला. तो पापडासारखा सुटत होता. "सर, इतका गंज एका दिवसात चढत नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"नाही चढत," साहेब म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, ही त्यांची जुनी अडचण.

"भिंत आणि कपाट झिजेत जाईल. गादी, पलंग, पंखा, हे पाणी अचानक आल्यामुळे गेलं, ते मिळेल. मशीनचं आणि पोशाखांचं मात्र..." मॅडमनी फाइल उघडली. "ते धंद्याचं सामान झालं. घराच्या पॉलिसीत बसत नाही. तुम्ही धंद्यासाठी वेगळी पुरवणी पॉलिसी घेतली असती तर बसलं असतं. फॉर्ममध्ये विचारलेलं असतं ना, घरातून काही व्यवसाय चालतो का."

"मग यांनी काय लिहिलंय?" बायकोने दारातून विचारलं.

मॅडमनी ते पान उघडलं. फाइल टेबलावर ठेवून त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या, जणू तिथे काही बघायचं राहिलं होतं. बायकोने पुढे येऊन वाचलं. साहेबांचं सुवाच्य अक्षर होतं. 'पत्नीचा व्यवसाय : काही नाही.' आणि खाली : 'घरातून चालणारा व्यवसाय : नाही.'

ती आतल्या खोलीत गेली आणि दोरीवरचे ढग उलटेपालटे करू लागली. साहेबांनी तीस वर्षांत रडणारी, भांडणारी, पाया पडणारी माणसं पाहिली होती. त्या सगळ्यांपुढे ते खुर्चीत ताठ बसू शकले होते. त्या दिवशी मात्र त्यांना बसवेना.

तरी माणूस सहजासहजी हार मानत नाही. पुढचे दोन दिवस खपून त्यांनी कंपनीला चार पानी हरकतपत्र लिहिलं. गंज लोखंडाच्या दर्जामुळे असू शकतो, वास हा व्यक्तिसापेक्ष विषय आहे, शिवणकाम मुख्यत्वे छंद म्हणून केलं जातं, वगैरे. लिहून झाल्यावर शुद्धलेखन तपासायला बायकोकडे दिलं. ते काम कायम तिचंच. ती राजाचा अंगरखा इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून तिने चारही पानं वाचली.

"इथे लिहिलंय, 'कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही.'"

"हो."

"मग काय झालं होतं?"

साहेबांनी तोंड उघडलं. अशा हजार पत्रांना त्यांनी आजवर एका ओळीत उत्तर दिलं होतं, आणि ती ओळ त्यांना आताही पाठ होती. त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "इस्त्री दे इकडे. तू वाघांचं बघ."

पुढचे चार दिवस साहेबांनी सुट्टी काढली. लेक आली, शेजारणी आल्या, एकीने आपलं मशीन आणलं. साहेब इस्त्री करत, बटणं लावत, सुईत दोरा ओवून देत. पहिल्याच दिवशी एका झाडाला त्यांनी भोक पाडलं. बायकोने तिथे पक्ष्याचं घरटं शिवलं. राजाचा तांबडेपणा कशानेच गेला नाही. शाळेच्या बाई पोशाख न्यायला आल्या, त्यांनी अंगरखा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "असू दे गुलाबी. तसाही तो शेवटी हरतोच." प्रयोगाला साहेब पहिल्यांदाच गेले. अर्धा वेळ ते सभागृहाच्या छताकडे बघत होते, तिथे एक डाग होता, पण झाड रंगमंचावर आलं तेव्हा त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "ते घरटं आमच्याकडचं."

हरकतपत्र टपालात गेलं नाही. कंपनीने गादी, पलंग आणि पंखा यांचे पैसे मंजूर केले, साहेबांनी सही केली. कपाट रद्दीवाल्याने नेलं, आतल्या ओल्या अहवालांसकट. वाळलेले असते तर वजनाला कमी भरले असते, असं म्हणत त्याने भावही कमीच दिला. प्लंबरने भिंत फोडून सगळा पाइप बदलला. "साहेब, हे वर्षभर तरी पाझरत असणार," तो म्हणाला. "कुणाला कळलं कसं नाही?" "कळलं होतं," साहेब म्हणाले.

बायकोने आता पुढची, उजेडाची खोली घेतली. दुकान आणि घर मिळून नवी पॉलिसी काढली, तिच्या नावावर. एजंट सवयीने साहेबांकडे बघून प्रश्न विचारत होता, ते बायकोकडे बोट दाखवत होते. साहेबांचं काम चालूच आहे. नियम बदललेले नाहीत, झीज ही झीजच आहे, आणि ते अजूनही तसंच लिहितात. फक्त त्यांना पूर्वीपेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणून कंपनीत जरा कुरबुर आहे. निघण्याआधी ते घरातल्या बाईंना बाजूला घेऊन विचारतात, कुठे काय खटकतंय, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत बसतात.

पुढची खोली शिवणाला गेल्यामुळे त्यांचं टेबल आता वाटेत, दाराशीच आलंय. अहवाल लिहायला बसले, की आत येणाऱ्या बायका त्यांच्यापाशीच थांबतात.

"काका, माझ्या झग्याची चेन बदलून झाली का हो?"

साहेब चष्मा वर करतात, पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, "थांबा, बाईंना विचारून सांगतो."