टाकीत इंधन होतं

“मॅडम, फोटो तर झकास येतायत. मग सॅटेलाइट मरायला टेकलाय हे कशावरून?”

सोनवणे साहेब आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसात बसून विचारत होते. त्यांची कंपनी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचे अवकाशातून फोटो काढते आणि बागायतदारांना सल्ला देते. त्यांचा सॅटेलाइट चालवायचं आणि त्याची तब्येत बघायचं काम आमच्याकडे. सॅटेलाइट रोज स्वतःची माहिती खाली पाठवतो. बॅटरी किती भरली, तापमान किती, असं सगळं. याला टेलिमेट्री म्हणतात. बंद पडलेल्या जुन्या सॅटेलाइट्सच्या टेलिमेट्रीवर आम्ही एक मॉडेल तयार केलं होतं. ते सांगत होतं, याची बॅटरी जातेय.

“पृथ्वीच्या सावलीत गेला की व्होल्टेज दर वेळी आणखी उतरतंय,” मी म्हणाले. “बॅटरी गेली की तो कमांड ऐकणार नाही, तसाच वर फिरत राहील आणि दुसऱ्यांच्या वाटेत येईल. उरलेलं इंधन वापरून आत्ताच खाली आणू. वातावरणात जळून जाईल, विषय संपला.”

“हार्वेस्टिंग होऊ द्या की. ऐन सीझनला बागायतदारांना काय सांगू?”

“दुसऱ्या कंपनीचे फोटो विकत घ्या.”

“महाग पडतात हो.”

मी आमच्या डायरेक्टरांकडे पाहिलं. पगारे सर स्वतः इंजिनियर. ते म्हणाले, “शेवटी मॉडेल म्हणजे अंदाजच ना, मंजिरी?”

माझं डोकंच फिरलं. हेच मॉडेल विकताना यांनी स्लाइडवर ‘अचूक’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

“विकताना अचूक आणि ऐकताना अंदाज?” मी क्लायंटसमोरच विचारलं.

“बस झालं,” सर म्हणाले.

सॅटेलाइट वरच राहिला. मी दोघांनाही इशारे पाठवत राहिले. उत्तर यायचं, ‘नोटेड’.

निम्म्या बागांची तोडणी झाली होती. एका सकाळी सॅटेलाइट गप्प झाला. आम्ही कमांड पाठवत बसलो. शेवटी सर स्वतः खुर्ची ओढून बसले. काही उपयोग नाही. टाकीत इंधन होतं, पण झडप उघडायला वीज नव्हती.

दुपारी सोनवणेंचा फोन. “रिपोर्टात ‘अचानक बिघाड’ असं टाका ना, मॅडम.”

“अचानक? तुम्हाला कितीदा सांगितलं मी? यावर माझी सही मिळणार नाही.” मी फोन ठेवला. सही सरांनी केली.

मग एका परदेशी कंपनीचा मेल आला. तुमचा सॅटेलाइट आमच्या सॅटेलाइटच्या फार जवळून जाणार आहे, थोडा सरकवाल का? सभ्य भाषेत, प्लीज वगैरे लिहून. मला उत्तर द्यावं लागलं की आमचा हलत नाही, तुम्हीच सरका. ते सरकले. इंधन त्यांचं गेलं, लाज माझी गेली. त्या उंचीवर तो मेलेला डबा अजून कित्येक वर्षं फिरणार आहे, आणि असे मेल येतच राहणार आहेत.

हल्ली नवा क्लायंट आला की मी मॉडेलबद्दल बोलतच नाही. आधी विचारते, खाली आणायची वेळ आली तर ‘हो’ कोण म्हणणार? त्याचं नाव सांगा. ते एकमेकांकडे बघायला लागले की मी चहा संपवून उठते.